आठवणी लिहिताना पेन अडतं कुठे? या चुका टाळा

आठवणी लिहायला घेतलेली बरीच माणसं तिसऱ्या-चौथ्या पानावर थांबतात आणि ‘आता सुचत नाही’ म्हणून वही मिटतात. ती वही उघडून पाहिली तर दुखणं वेगळंच निघतं. ज्यातून काही सुचावं असा कच्चा मालच तिच्यात नसतो. डाळ न घालता नुसतं आधण ठेवायचं आणि आमटी होत नाही म्हणून गॅस वाढवत बसायचं, त्यातली गत.

भावना टिपली, वस्तू राहून गेली

सगळ्यात जास्त पानं इथे वाया जातात. ‘आज आत्याकडे गेलो. जुने दिवस आठवले. मन भरून आलं.’ सहा महिन्यांनी या ओळींतून काहीही निघत नाही, कारण मन कशाने भरून आलं तेच लिहिलेलं नाही. ‘फडताळाचं दार अजून खालून उचलूनच लावावं लागतं’ एवढंच टिपलं असतं, तर त्या दारामागोमाग आतला लाडवांचा डबा आला असता आणि दार आपटल्याबद्दल खाल्लेली बोलणीही.

रोजची नोंद तीन ओळींची पुरे: एक दिसलेली वस्तू, एक कानावर पडलेलं वाक्य आणि हाताने केलेलं एखादं काम. दहा मिनिटांत होतं. ‘छान’, ‘सुंदर’, ‘अविस्मरणीय’ या शब्दांना नोंदीत बंदी.

वाक्य बोलीत ऐकलं असेल तर बोलीतच उतरवा. मोबाइल इथे दगा देतो. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे कीबोर्ड प्रमाण शब्द पुढे करतात. ‘व्हतं’ लिहायला जावं तर ‘होतं’ दिसतं आणि घाईत तेच दाबलं जातं. आजी मग बातम्या दिल्यासारखी बोलू लागते. संवाद तरी हाताने लिहा, साधी शंभर पानी वही घ्या.

सालावर अडून बसणं

‘नक्की कोणतं साल ते कळल्याशिवाय पुढे कसं लिहू?’ या प्रश्नावर कित्येक वह्या बंद पडतात. घरातली जुनी माणसं साल सांगत नाहीत, खुंटी सांगतात: ‘पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी’, ‘दुष्काळात सुकडी मिळायची तेव्हा’, ‘किल्लारीच्या भूकंपाला तू पाळण्यात होतास’. या खुंट्यांच्या तारखा पक्क्या आहेत. पानशेत १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. मोठा दुष्काळ १९७२चा. किल्लारी ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. मुंबईतला प्रलय २६ जुलै २००५.

मोठ्या कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे खुंट्या, उजवीकडे घरातले प्रसंग: कोणाचं लग्न, विहिरीवर मोटर कधी बसली, कोण मुंबईला गेलं. कितीही धूसर आठवण असली तरी ती दोन खुंट्यांच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि लिहायला तेवढं पुरतं.

सरमिसळही या कागदावर पकडली जाते. मुंबईच्या चाळीत शेजाऱ्यांकडे टीव्ही पाहिल्याची आठवण कोणी १९७०ची म्हणून सांगितली, तर दोन वर्षं तरी इकडची तिकडे झाली आहेत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. अशी आठवण खोडू मात्र नका. काका एक साल सांगतात, आई दुसरं, आणि दोघंही हट्ट सोडत नाहीत, हे तसंच लिहा. त्या वादात घर जास्त दिसतं.

कागदोपत्री आधार लागलाच तर लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, बँकेची जुनी पासबुकं काढा. सगळ्यात दुर्लक्षित खजिना म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. ‘कालनिर्णय’ १९७३पासून निघतं आहे, आणि त्याच्या चौकटींत घरोघरी दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची उचल लिहिलेली असते. जुनी दिनदर्शिका रद्दीत घालण्याआधी बाराही पानांचे फोटो काढा.

‘तेव्हा कसं होतं हो?’

या प्रश्नाला दोनच उत्तरं येतात: ‘फार हाल काढले बाबा’ किंवा ‘तेव्हाची मजाच वेगळी’. दोन्ही निरुपयोगी. पाणी कुठून यायचं आणि किती खेपा व्हायच्या, रात्री दाराला कडी होती की अडसर, चार पाहुणे आले तर कोण कुठे झोपायचं, असं विचारा. याहून चांगला उपाय म्हणजे जुन्या घराचा नकाशा काढून समोर ठेवणं, तोही मुद्दाम थोडा चुकीचा. ‘अगं, न्हाणी इकडे नव्हती’ म्हणत आजोबा स्वतःच पेन ओढून घेतात. पाऊण तासावर बैठक लांबवू नका. त्यानंतर माणूस दमतो आणि पुन्हा ठोकळ उत्तरांवर येतो.

सुरुवात घोटणं

‘बालपणीचे ते रम्य दिवस’ अशी ओळ लिहायची, खोडायची, परत लिहायची, यात अख्खी संध्याकाळ जाते. जो प्रसंग सगळ्यात स्पष्ट आठवतो तिथूनच सुरू करा. लेख पूर्ण झाल्यावर पहिला परिच्छेद झाकून वाचा. त्याच्यावाचून काही अडत नसेल तर काढून टाका. मृद्गंध, कातरवेळ, मनाचा कप्पा असे शब्द आले तर खाली रेघ मारून ठेवा आणि दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाला विचारा, वास नेमका कशाचा? सारवलेल्या अंगणाचा, तापलेल्या डांबराचा आणि कौलांचा ओला वास एकच नसतो.

ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणं हे वेगळ्या दिवशीचं काम. लिहिताना वीस मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजेपर्यंत मागे वळू नका.

ताजा मसुदा घरच्या ग्रुपवर

व्हॉट्सॲपवर टाकला की दहा अंगठे येतात, एक मावशी रुसते, आणि पुढचं पान आपण त्या मावशीला सांभाळत लिहितो. आठ दिवस कोणालाही दाखवू नका.

‘नातेवाईक काय म्हणतील?’

पुष्कळदा ‘सुचत नाही’च्या मागे हेच असतं. एकाच प्रसंगापाशी दोन-तीनदा पेन थांबलं तर कारण हेच समजा. तो प्रसंग सुट्या कागदांवर लिहा, वहीत नको. सुटा कागद बाजूला ठेवता येतो, म्हणून हात मोकळा चालतो. ठेवायचं की फाडायचं ते नंतर ठरवा.

ठेवायचं ठरलं तर नुसतं नाव बदलून भागत नाही. गावात एकच कंपाउंडर असेल तर त्याला काहीही नाव द्या, सगळा गाव ओळखतो. धंदा, गाव, नातं यांतल्या दोन गोष्टी तरी बदला. आजारपण, जमिनीची भांडणं, मोडलेली लग्नं यांबद्दल हयात माणसाला विचारल्याशिवाय बाहेर काही देऊ नका. विचारायला जाताना अख्खा लेख नेऊ नका. त्यांच्याबद्दलची पानं तेवढी मोठ्या अक्षरात छापून न्या, सोबत पेन्सिल द्या, आणि ते वाचत असताना जरा स्वयंपाकघरात जाऊन बसा.