टेकडीवरच्या वाटा आखायचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

बायोडायव्हर्सिटीत एमएस्सी किंवा लँडस्केप करून बाहेर पडलेली मुलंमुली मला कायम एकच विचारतात, ताई, टेकड्यांवरच्या ट्रेल्सचं प्लॅनिंग करायचं तर कोर्स कुठला करू. या नावाचा कोर्स माझ्या तरी बघण्यात नाही. मी आर्किटेक्चर, मग लँडस्केप अशी आले, पुण्यात राहते, आणि घरांना लागून असलेल्या वनजमिनीवर सगळ्यांना मिळून वापरता येतील अशा वाटा कशा ठेवायच्या हे माझं काम आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजईचं पाचगाव-पर्वती वनविहार ही ठिकाणं पुणेकरांना सांगायला नकोत, बाकीच्यांसाठी एवढंच की चारी बाजूने सोसायट्या, मधे टेकडी, आणि सोसायटीच्या मागच्या भिंतीला पडलेलं भगदाड हेच बऱ्याच लोकांचं मेन गेट.

बाहेरून वाटतं की हे काम म्हणजे नकाशावर एक छान नागमोडी रेघ ओढायची. पण रेघा आधीच असतात हो. गुरं घेऊन जाणारे, सरपण आणणाऱ्या बायका, वेताळबाबाच्या दर्शनाला जाणारे, मग मॉर्निंग वॉकवाले, मग सायकलवाले, प्रत्येकाने आपापली वाट पाडून ठेवलेली असते आणि एकाच उतारावर शेजारी शेजारी पाच-सहा वाटा दिसतात. त्यातल्या कुठल्या ठेवायच्या, कुठल्या थोड्या सरकवायच्या आणि कुठल्या चक्क मिटवायच्या, बहुतेक वेळ यातच जातो. नवीन वाट काढायची वेळ क्वचित येते आणि आली तर मी आधी संशयानेच बघते.

पहिलं शिकायचं ते म्हणजे जमीन कोणाची. दिसायला टेकडी एक असते पण कागदावर तिचे तुकडे असतात, काही वनखात्याचं, काही खाजगी, काही संस्थांचं, काही महापालिकेच्या आरक्षणातलं. पुण्यात १९९७ साली २३ गावं हद्दीत आली आणि तिथल्या टेकड्यांवर पुढे बीडीपी म्हणजे जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण पडलं, तो सगळा वेगळा विषय आहे आणि त्यात शिरलात तर वर्ष जाईल. आपल्यापुरतं म्हणजे सातबारा काढता आला पाहिजे, गट नंबर नकाशावर बसवता आला पाहिजे, आणि ही जमीन राखीव वन आहे का हे वनखात्याच्या रेकॉर्डवरून बघता आलं पाहिजे. राखीव वन असेल तर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ लागतं, ज्यात विनापरवाना शिरणं आणि गुरं चारणं दोन्ही बसतं. म्हणजे अगदी काटेकोर बोलायचं तर रोज सकाळी फिरायला जाणारे निम्मे आजी-आजोबा गुन्हेगार. प्रत्यक्षात कुणी त्यांना अडवत नाही, पण तुम्ही जेव्हा लेखी प्रपोजल देता तेव्हा ही सवलत तुम्हाला नसते, तुम्हाला परवानगी लागतेच.

आणि परवानगी म्हणजे कोणाची हेही समजून घ्या. जागेवर वनरक्षक, त्याच्यावर वनपाल, मग आरएफओ म्हणजे वनक्षेत्रपाल, मग सहायक वनसंरक्षक, मग उपवनसंरक्षक. त्या भागाची कार्य आयोजना म्हणजे वर्किंग प्लॅन असतो, त्यात निसर्ग पर्यटनाचं काही नमूद आहे का ते आधी बघा, कारण २०२३ च्या दुरुस्तीनंतर वन संरक्षण कायद्यात वर्किंग प्लॅनमधल्या इको टुरिझमच्या सोयींना वेगळी वागणूक आहे, प्लॅनमध्येच नाही तर बाकडं ठेवायलासुद्धा लोक कचरतात आणि त्यांचं बरोबर आहे. पत्रव्यवहार मराठीत. विषय, संदर्भ, महोदय या साच्यात नीट मराठी पत्र लिहिता येणं हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात कमी लेखलं गेलेलं स्किल आहे. पन्नास स्लाइडचं इंग्रजी प्रेझेंटेशन घेऊन जाणाऱ्यापेक्षा दोन पानी मराठी पत्र आणि एक नकाशा देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन येणाऱ्याचं काम आधी होतं, हे मी कितीदा बघितलंय.

आता मॅपिंग. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते शिका. ओपन स्ट्रीट मॅप या लोकांनी मिळून केलेल्या नकाशावर पुण्याच्या बऱ्याच टेकड्यांच्या वाटा कुणी कुणी टाकून ठेवल्यात, सुरुवातीला त्या घ्या. उंचीसाठी सगळे एसआरटीएमचा म्हणजे अंतराळातून मोजलेल्या उंचीचा डेटा उतरवतात, पण त्याचा एक पिक्सेल ३० मीटरचा असतो आणि तुमची वाट एक-दीड मीटरची, तेव्हा त्यावरून टेकडीचा एकूण आकार कळेल, वाट आखता येणार नाही. त्यासाठी चालायचं. चढ मोजायला मोबाइलमधलं क्लायनोमीटर ॲप चालतं, जीपीएस ट्रॅक लावून प्रत्येक चोरवाट, प्रत्येक शॉर्टकट चालून काढायचा. जाताना ओळखपत्र आणि परवानगीचं पत्र जवळ ठेवा. टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या वादानंतर वेताळ टेकडीवर हातात यंत्र घेऊन मोजणी करणारा माणूस दिसला की लोक थांबवून विचारतात, कोणाकडून आलात, रस्ता करताय का. राग मानू नका, उलट तिथेच पाच मिनिटं थांबून बोला, अशा माणसांना टेकडी आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.

एप्रिलमध्ये गवत वाळलेलं असतं तेव्हा वाटा सगळ्यात स्वच्छ दिसतात, म्हणून बहुतेक जण तेव्हा सर्व्हे करतात. करा. पण खरा सर्व्हे जुलैमध्ये, पाऊस लागलेला असताना. पाणी कुठल्या वाटेवर चढतं, किती लांब तिच्यावरून पळतं आणि कुठे उतरतं हे बघायचं. आपल्या टेकड्यांवर काळा पाषाण, त्यावर मुरूम, त्यावर मातीचा पातळ थर, बास. ती माती एकदा वाहून गेली की तुमच्या नोकरीच्या आयुष्यात परत येत नाही.

यातला नियम सोपा आहे आणि जगभर ट्रेल बांधणारे तोच वापरतात. १०० मीटर चालल्यावर १० मीटर चढलात तर तो १० टक्के चढ. वाटेचा चढ हा त्या जागच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. म्हणजे टेकडीचा उतार ३० टक्के असेल तर वाट जास्तीत जास्त १५, आणि सगळ्या वाटेची सरासरी १० च्या आसपास किंवा कमी. निम्म्याच्या वर गेलात की वाट जवळजवळ सरळ उताराच्या दिशेने धावायला लागते, मग पाणी तिला ओढा समजतं, आणि दोन पावसाळ्यांत तिथे गुडघाभर घळ पडते. लोक घळीतून चालत नाहीत, शेजारून चालतात, शेजारी दुसरी घळ. टेकडीवर ज्या पाच समांतर वाटा दिसतात ना त्या अशाच जन्मतात, त्यात लोकांचा दोष कमी आणि चढाचा जास्त. आडवी जाणारी वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली ठेवायची, ५ टक्के पुरे, आणि ठराविक अंतराने चढत्या वाटेला थोडं खाली घेऊन परत वर काढायची म्हणजे पाणी त्या खोलग्यातून बाहेर पडतं. सपाट माथ्यावर उलटा प्रॉब्लेम, तिथे पाणी जायला जागाच नसते, डबकं होतं, लोक डबक्याला वळसा घालतात आणि एका मीटरची वाट मैदान होऊन बसते. माथ्यावर शक्यतो खडकाचे उघडे पट्टे शोधून त्यावरून वाट न्या. गिरिपुष्पाच्या म्हणजे ग्लिरिसिडियाच्या लागवडीत पण हेच होतं, खाली गवत फारसं नसतं त्यामुळे वाटेला कड अशी राहत नाही, जो तो कुठूनही चालतो.

पायऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. सगळ्यांना पायऱ्या हव्या असतात कारण उद्घाटन करता येतं. पण सिमेंटच्या पायऱ्या उतरताना गुडघे दुखणारे काका पायरीच्या बाजूने मातीवरून उतरतात, आठवडाभर बघा कुठेही जाऊन, आणि मग पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी घळ. पेव्हर ब्लॉक, गझिबो, ओपन जिम, सेल्फी पॉइंट हे सगळं मार्च जवळ आला की अचानक गरजेचं होतं कारण निधी संपवायचा असतो. एका कामात आम्ही वाटेचं पाणी काढायला सुचवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि कमान तेवढी झाली. असं होतं, तयारी ठेवा, आणि तुमच्या प्रस्तावात खर्च होईल असं काहीतरी मजबूत पण निरुपद्रवी आधीच घालून ठेवा, उदाहरणार्थ दगडी पिचिंग, म्हणजे माती धरून ठेवायला उतारावर बसवलेले दगड.

लोकांचा भाग सगळ्यात मजेचा आणि सगळ्यात दमवणारा. सकाळी सहाला वाटेवर कोण कोण असतं बघा: हास्यक्लबवाले, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, मॅरेथॉनवाले, कुत्रा सोडून चालणारे, दुर्बीण घेतलेले पक्षीवाले, डाउनहिल सायकलवाले, आणि नऊनंतर गुराखी. प्रत्येकाला वाटतं टेकडी आपली आणि बाकीचे घुसखोर. यांना हॉलमध्ये बोलावून मीटिंग घेतलीत तर जो मोठ्याने बोलतो त्याचाच मुद्दा मिनिट्समध्ये येतो आणि गुराखी तर येणारच नाही. त्यापेक्षा वाटेवर उभं राहा, वेगवेगळ्या वेळी, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, आणि चालता चालता बोला. एका म्हशीवाल्या मामांनी मला एका वाक्यात जे सांगितलं ते कुठल्या रिपोर्टमध्ये नव्हतं, "पोरी, तुझी वाट झ्याक हाय, पर तितं कठडा घातलास तर म्हशी पान्याला जायच्या कुठनं." त्या कठड्याची जागा बदलली.

सायकल आणि चालणारे हा भांडणाचा विषय सगळीकडे येतो. दोघांना वेगळ्या वाटा द्या असं सगळे सुचवतात, पण जागा कुठून आणणार, प्रत्येक वेगळी वाट म्हणजे अजून एक चिरलेला उतार. मी बघते की भांडण वाटेच्या लांबीभर नसतंच, ते दोन-तीन ठिकाणी असतं, आंधळं वळण, वेगात उतरल्यानंतरचा अरुंद भाग, देवळाजवळची गर्दी. तिथे झुडूप छाटून लांबचं दिसेल असं करा, वळणाच्या आधी दोन मोठे दगड असे ठेवा की सायकल आपोआप हळू होईल, आणि तीव्र उतारावर सायकलला एकाच दिशेने जाऊ द्या. नियम एक ओळीचा ठेवा: सायकलने चालणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. वीस सूचनांचा बोर्ड कोणी वाचत नाही. कुत्र्यांचं मात्र मी कडक बोलते, टिटवी, तित्तर, चंडोल जमिनीवर अंडी घालतात, उन्हाळ्यात गवताळ माथ्यावर मोकळा कुत्रा म्हणजे ती पिल्लं गेली. पट्टा लावा म्हटलं की लोक चिडतात, चिडू देत.

वाट बंद करणं हे खरं कसब. "प्रवेश बंद" बोर्ड लावला की तो महिन्याभरात गायब होतो. वाटेच्या दोन्ही टोकांना, जिथून ती नजरेला पडते तेवढाच पट्टा, बाभूळ-हिवराच्या काटेरी फांद्या आणि दगड असे टाकायचे की तिथे वाट होती हेच कळू नये, आणि आतल्या भागात घळीवर आडवे दगडी बांध घालून पाणी थांबवायचं. हे जूनच्या आधी. पाणी थांबलं की गवत स्वतःच येतं, नाही थांबलं तर वर कितीही रोपं लावा. शेजारची ठेवलेली वाट बंद केलेल्या वाटेपेक्षा चालायला बरी असायला हवी, नाहीतर लोक काटे बाजूला करतातच. आणि एक लक्षात ठेवा, वनखातं वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा म्हणजे गवत काढलेला मोकळा पट्टा काढतं, ती रुंद आणि सरळ उतारावरून जाते, नवख्यांना ती तयार ट्रेल वाटते आणि ते नकाशावर ठळक दाखवतात. दाखवू नका. तसंच लागवडीचे सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले चर, वाटेने तुटलेले असतील तर तिथे पाणी फुटतं, ती जागा आधी दुरुस्त.

लगतच्या सोसायट्यांना आपापलं छोटं फाटक हवं असतं, वर दिवे, वर सीसीटीव्ही. दिव्यांना मी नाहीच म्हणते, टेकडीला रात्र असू द्यावी. फाटकं कमी, पण बसस्टॉपच्या आणि वस्तीच्या बाजूला नक्की, नाहीतर टेकडी फक्त पार्किंगवाल्यांची होते.

पैशाचं बोलायचं तर फुल टाइम नोकऱ्या थोड्या. कोणी लँडस्केप ऑफिसात राहून हे करतं, कोणी एनजीओत, काही कामं कंपन्यांच्या सीएसआरमधून येतात, काही महापालिकेच्या सल्लागारांच्या हाताखाली. सरकारी कामाचं बिल उशिरा येतं, सहा महिने घरभाडं निघेल अशी सोय ठेवून मगच स्वतंत्र व्हा. ज्यांना निर्णय घेणाऱ्या खुर्चीत बसायचंय त्यांनी एमपीएससीची वनसेवा परीक्षा द्यावी, आरएफओ चांगला असेल तर आमच्यासारख्या दहा कन्सल्टंटपेक्षा जास्त करतो. शिक्षणाचं म्हणाल तर पुण्यात गरवारे कॉलेजचं बायोडायव्हर्सिटी, लँडस्केपसाठी भानुबेन नानावटी कॉलेज, बाहेर अहमदाबादचं सेप्ट, यातलं कुठलंही चालेल. सिव्हिलवाले पण या, पाण्याचं तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळतं.

मुलाखतीला येणाऱ्यांकडे मी एकच बघते, घराजवळच्या टेकडीचा स्वतः चालून केलेला नकाशा. त्यावर सगळ्या वाटा, प्रत्येकीचा चढ टक्क्यांत, पावसात कुठे पाणी वाहतं ते निळ्या रंगात, कोण कधी वापरतं याच्या नोंदी, आणि कुठल्या दोन वाटा बंद कराल व का. दोन पानं पुरेत, मराठीत चालेल. फोटो टाकायचे तर एकाच जागेचे मे आणि ऑगस्टचे टाका, सूर्यास्ताचे नकोत.