सांगली-मिरजेसारख्या गावाचा एलजीबीटी इतिहास गोळा करायचाय? मग असं करून बघा

मुंबईचा इतिहास शोधायला बसलं तर निदान एक टोक तरी हाताला लागतं, 1990 चं बॉम्बे दोस्त हे मासिक, 1994 ची हमसफर ट्रस्ट ही संस्था. पुण्यातही 2002 पासून समपथिक ट्रस्ट ही संस्था आहे, 2011 ची पहिली प्राईड, म्हणजे अभिमानाची मिरवणूक, आहे. पण सांगली, सोलापूर, जळगाव असल्या गावात वाचनालयात जाऊन "इथल्या गे लोकांचा इतिहास कुठे मिळेल हो" असं विचारलंत तर समोरचा चष्म्यावरून बघत बसणार. कागद नाहीत असं नाही, आहेत, पण त्यात आपली माणसं एक तर आरोपी म्हणून सापडतात नाहीतर पेशंट म्हणून. म्हणजे खरा इतिहास माणसांकडेच आहे, आणि ती माणसं अजून गावातच राहतात, त्यातल्या बऱ्याच जणांची लग्नं झालीयत, मुलं कॉलेजला आहेत. सगळं काम हे लक्षात ठेवून करायचं. मी सांगली-मिरज धरून लिहितोय, तुम्ही आपापलं गाव लावून घ्या.

सुरुवात प्राईडपासून करू नका. सगळे तेच करतात आणि मग इतिहास दहा-बारा वर्षांचाच निघतो. आपल्या भागात त्याच्या कितीतरी आधीपासून जोगते आहेत, डोक्यावर यल्लम्माचा जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन, चौंडकं वाजवत, परडी घेऊन फिरणारे, आणि मार्गशीर्षातल्या रांडाव पौर्णिमेला सौंदत्तीला जाणारे. त्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा. मात्र साडी नेसलेला प्रत्येक जोगता तुमच्या एलजीबीटीमधल्या कुठल्यातरी अक्षरात बसलाच पाहिजे असा हट्ट नको. कुणाला लहानपणी डोक्यात जट आली म्हणून देवीला सोडलेलं असतं, कुणाला घरच्या गरिबीमुळे, आणि कुणाला खरंच तिथेच पहिल्यांदा मोकळं वाटलेलं असतं. विचारा, आणि ते स्वतःला जे म्हणतील तेच लिहा. तृतीयपंथीयांच्या घरात गेलात तर आधी गुरूंना भेटायचं, चेल्याला बाजूला घेऊन परस्पर मुलाखत घेतलीत तर दुसऱ्या दिवशीपासून तुम्हाला दार बंद.

दुसरा दोरा म्हणजे एचआयव्हीचं काम. लोकांना हे ऐकायला आवडत नाही, पण छोट्या शहरांत आपली माणसं पहिल्यांदा एका खोलीत बसली ती बऱ्याचदा याच कामामुळे. सांगलीत 1992 मध्ये संग्राम संस्था सुरू झाली, 1996 मध्ये सेक्सवर्कर बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, उभी राहिली आणि त्याच कामातून पुढे पुरुष आणि तृतीयपंथी सेक्सवर्करांची मुस्कान ही संघटना. म्हणजे इथल्या चळवळीचा रस्ता गोकुळनगरच्या सेक्सवर्करांच्या वस्तीतून येतो, कॉलेजच्या कॅम्पसमधून नाही, आणि माझ्या मते सांगलीचा इतिहास लिहिताना हे वाक्य पहिल्या पानावर पाहिजे. तुमच्या गावातही कुठलातरी टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे जास्त धोका असलेल्या गटांत एचआयव्ही रोखायचा) प्रकल्प झाला असेल, त्यातले जुने पीअर, म्हणजे आपल्यातलेच कार्यकर्ते, आणि आऊटरीच वर्कर शोधा. त्यांना शहराचा असा नकाशा पाठ असतो जो महापालिकेकडे नाही, कुठल्या टॉकीजच्या मागे, कुठल्या स्टँडवर, किती वाजता. ड्रॉप-इन सेंटरमध्ये संध्याकाळी कोण नाचायचं, कोती (बायकी वागणारा पुरुष) कोणाला म्हणायचे, पंथी (त्याचा पुरुषी जोडीदार) कोणाला, कोणाचा वाढदिवस झाला, पोलिसांनी कुणाला उचललं तेव्हा सोडवायला कोण गेलं, हे त्यांनाच माहीत. आकडे रिपोर्टमध्ये मिळतील, त्यात आपण एमएसएम (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) आणि टीजी (ट्रान्सजेंडर) नावाच्या रकान्यांत असतो, पण वाढदिवस रिपोर्टमध्ये नसतो.

आता मुलाखत. "कोणत्या साली?" हा प्रश्न विसरा, कुणालाच आठवत नाही. पूर विचारा. सांगलीत 2005 चा पूर, 2019 चा पूर (आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं तो), 2021 चा पूर, मिरजेची 2009 ची दंगल, नोटाबंदी, लॉकडाऊन. "पुराच्या आधी तू त्या खोलीत राहायचीस की नंतर?" असं विचारलं की बरोबर साल निघतं. कायद्याच्या तारखा तुम्ही स्वतःजवळ ठेवा, जुलै 2009 ला दिल्ली हायकोर्टाने 377 ला (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं कलम) लगाम घातला, 11 डिसेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टाने ते परत आणलं, एप्रिल 2014 ला तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा नाल्सा निकाल, 6 सप्टेंबर 2018 ला 377 मधून संमतीचे संबंध बाहेर. पण "377 बद्दल काय वाटलं" असं विचारलं की लोक टीव्हीवर ऐकलेलं बोलून दाखवतात. त्यापेक्षा त्या दिवशी तुम्ही कुठे होता, बातमी कोणी सांगितली, घरात टीव्ही चालू होता का, असता तर चॅनल बदललात का, असं विचारा, मग बघा. दुसरी युक्ती, फोटो अल्बम काढायला सांगा. लग्नाच्या ग्रुप फोटोत बाजूला उभा असलेला "मित्र" कोण होता हे अल्बम समोर असल्याशिवाय निघतच नाही.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो, विमान मोड टाका, पंखा बंद करा (मे महिन्यात जीव जाईल पण करा). परवानगी एकदाच घेऊन भागत नाही. बोलण्याआधी एकदा, बोलून झाल्यावर एकदा, आणि लिहिलेलं वाचून दाखवल्यावर परत एकदा, कारण बोलताना माणूस वाहवत जातो आणि रात्री झोप उडते. फाईलला खरं नाव द्यायचं नाही, टोपणनाव द्या आणि कोणतं टोपणनाव कोणाचं ती यादी कागदावर, वेगळ्या ठिकाणी. क्लाऊडवर नको, व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नको.

आणि एक कडक नियम, आज चालू असलेल्या भेटण्याच्या जागा लिहायच्या नाहीत. डेटिंग ॲपवरून बोलावून लुटणाऱ्या टोळ्या छोट्या शहरांतही आहेत, तुमचा नकाशा त्यांच्या कामाला यायला नको. पाडलेली टॉकीज, बंद पडलेलं लॉज, जिथे आता मॉल आहे ती बाग, हे बिनधास्त लिहा.

कागदांचं म्हणाल तर जुन्या पेपरांत "अनैसर्गिक कृत्य" अशा शब्दांखाली बातम्या सापडतील, पण सावध वाचा, 377 खाली मुलांवरचे अत्याचारही यायचे, ते आपल्या इतिहासात ओढू नका. 2011 च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री-पुरुष सोडून "इतर" मोजले, महाराष्ट्रात 40,891 निघाले, तुमच्या जिल्ह्याचा आकडाही मिळतो. तो मतदारयादीतल्या तृतीयपंथी मतदारांच्या आकड्याशेजारी ठेवून बघा, फरक दिसला की तो का पडला हे वस्तीत जाऊन विचारा. ग्रामपंचायतीही सोडू नका, जळगावजवळच्या भादली बुद्रुकला तृतीयपंथी अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज बाद झाला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, परवानगी मिळवली आणि जानेवारी 2021 मध्ये निवडूनही आल्या. असली कोर्टाची ऑर्डर म्हणजे आयता कागद.

बालगंधर्वांना मधे आणायचा मोह सांगलीत फार होतो, नाट्यपंढरी ना आपली! स्त्रीपार्टी करणारा नट म्हणजे गे असं लिहून मोकळं होऊ नका. हां, त्या नाटकांना जाऊन नटाच्या साडीचा काठ बघत बसलेल्या मुलाला काय वाटलं, हे सांगणारं कोणी म्हातारं भेटलं तर ते सोनं आहे, पण ते त्या मुलाचं, नटाचं नाही.

सगळ्यात अवघड बायका. एचआयव्हीच्या फायलींत लेस्बियन बाई नाहीच, ट्रान्स पुरुषही नाही. वस्तीतही नाही, बागेतही नाही, कारण रात्री नऊनंतर बाहेर राहायची मुभाच नव्हती. त्यांना शोधायचं तर नर्सिंग हॉस्टेल (मिरजेला ती काय कमी आहेत!), शिक्षिकांच्या भाड्याच्या खोल्या, कबड्डी-खोखोच्या टीम, वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या दोन "मैत्रिणी". पेपरात मात्र त्या भेटतात त्या "दोन तरुणींची आत्महत्या" किंवा "मुलगी बेपत्ता" अशा दोन ओळींत. त्या बातमीतल्या घरी जाऊन दार वाजवू नका. बातमीची तारीख आणि पेपरचं नाव लिहून ठेवा, नावं गाळा.

शेवटी जपायचं कसं. पुराच्या गावात ट्रंकेतले फोटो आणि पत्रं टिकत नाहीत, म्हणून जिथे जाल तिथे लगेच, त्यांच्याच घरात बसून स्कॅन करा, मूळ वस्तू उचलून नेऊ नका. एक कॉपी त्या माणसाला पेन ड्राईव्हवर, एक तुमच्याकडे हार्डडिस्कवर, आणि तिसरी गावाबाहेर. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये कमरा नावाचं क्विअर अर्काईव्ह आहे, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. कुठली मुलाखत आत्ता उघडी, कुठली माणूस गेल्यावर, कुठली बायको-मुलांच्या हयातीनंतर, हे त्या माणसाच्याच सहीने लिहून घ्या, सही नको असेल तर आवाजात रेकॉर्ड करा. प्रदर्शन वगैरे करायचंच असेल तर पहिला दिवस फक्त ज्यांनी बोललंय त्यांच्यासाठी ठेवा, पेपरवाले दुसऱ्या दिवशी, आणि पहिल्या दिवशी कोणी "हा फोटो काढ" म्हणालं तर का म्हणून विचारायचं नाही, काढायचा.