घरच्या जुन्या फोनवर इनकमिंग कॉल वाजतच नाहीत?

जुना फोन इंटरनेट कॉलिंग सेवेला जोडणारा ग्रँडस्ट्रीम एचटी ८०१ अडॅप्टर लावला, आउटगोइंग कॉल लागतात, पण थोड्या वेळाने इनकमिंग बंद. बहुतेक वेळा अडॅप्टर ठीक असतो. थोडा वेळ डेटा गेला-आला नाही की सेवेकडून अडॅप्टरकडे येणारी वाट राउटर बंद करतो.

१. अडॅप्टरला जोडलेल्या फोनवरून * तीनदा (***) आणि मग ०२ दाबा. ऐकू येणारा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाका. पासवर्ड नव्या अडॅप्टरच्या स्टिकरवर असतो.

२. एफएक्सएस पोर्टच्या (फोन जोडायच्या सॉकेटच्या) पानावर सेवेने दिलेला सर्व्हर, सिप (इंटरनेट कॉल जोडायची पद्धत) यूजर आयडी, ऑथेंटिकेट आयडी आणि पासवर्ड भरा. सेवेच्या वेबसाइटचं लॉगिन आणि सिपचं लॉगिन बरेचदा वेगळं असतं. रजिस्ट्रेशन, म्हणजे सेवेकडे अडॅप्टरची नोंद, इथेच जास्त अडतं.

३. राउटरमधली वाट उघडी राहावी म्हणून नॅट ट्रॅव्हर्सल 'कीप-अलाइव्ह' करा. रजिस्टर एक्स्पिरेशन (ही नोंद किती वेळ टिकते) ५ ठेवा. हा आकडा मिनिटांत आहे. सेकंद समजून ३०० लिहिलं तर पाच तास होतात.

४. राउटरमधलं सिप एएलजी (सिप कॉलच्या डेटात बदल करणारी सोय) बंद करा. एकाच बाजूचा आवाज येत असेल तर आधी हेच पाहा.

५. अप्लाय, मग रीबूट.

अमेरिका-कॅनडात असाल तर सेवेच्या खात्यात ९११ (तिथला आपत्कालीन नंबर) साठी घरचा पत्ता आवर्जून नोंदवा. वीज गेली की हा फोनही बंद पडतो, म्हणून राउटर, मोडेम आणि अडॅप्टर तिन्ही यूपीएसवर ठेवा.