जुन्या दिवाळी अंकांची कव्हरं भिंतीवर लावायचीत? आधी कात्री लांब ठेवा

चित्रकार दीनानाथ दलालांचं एखादं कव्हर हाती लागलं की पहिल्यांदा मनात येतं ते फाडून फ्रेम करायचं, पण प्लीज फाडू नका. अंकाचं साल आणि मुखपृष्ठ कोणाचं ही माहिती आत अनुक्रमणिकेच्या आसपास बारीक अक्षरात छापलेली असते, कव्हर सुटं केलं की ती गेली, आणि उरलेला अंक रद्दीत जातो तो वेगळाच.

सुरुवातीला दिसेल ते घेत सुटू नका, एक धागा पकडा. दलालांनी १९४५ साली सुरू केलेला ‘दीपावली’, किंवा चित्रकार रघुवीर मुळगावकरांची कव्हरं, किंवा किर्लोस्कर-स्त्री-मनोहर हे मासिकांचं त्रिकूट. दलाल आणि मुळगावकर दोघंही मूळ गोव्याचे, पण चार-पाच कव्हरं शेजारी ठेवून बघा, दलालांची रेष बोलते आणि मुळगावकरांकडे स्प्रेच्या कामामुळे चेहऱ्यावर एक मऊ उजेड येतो. मग सही न बघताही ओळखू येतं, आणि त्यात खरी मजा आहे.

मिळतात कुठे? रद्दीची दुकानं, मुंबईत फ्लोरा फाउंटनकडचे फुटपाथ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर. दिवाळीच्या साफसफाईआधी ओळखीच्या घरांत आणि रद्दीवाल्याला सांगून ठेवा, माझे निम्मे अंक असेच आलेत. घेताना पिना बघा, गंजल्या असतील तर तो तपकिरी डाग कव्हरमधून आरपार आलेला असतो आणि तो काही केल्या जात नाही. ‘आवाज’ हा विनोदी दिवाळी अंक घेत असाल तर खिडकीचित्रं, म्हणजे पानातली कापलेली खिडकी उघडली की आतलं चित्र दिसतं ती, उघडून बघा, खिडकी बहुतेकदा तिथल्या घडीवरच फाटलेली असते. वाचनालयाचा शिक्का असला तर मात्र मी उलट खूश होते.

आता लावायचं कसं. मी अख्खा अंक जपून ठेवते आणि कव्हर चांगलं स्कॅन करून मॅट कागदावर प्रिंट काढून ते लावते. घरापुरतंच हं, विकायला नाही, दलाल १९७१ साली गेले म्हणजे त्यांच्या चित्रांचा कॉपीराइट २०३१ संपेपर्यंत आहे. ओरिजिनलच लावायचं असेल तर अख्खा अंक मावेल अशी खोल बॉक्स फ्रेम करून घ्या, मागे ॲसिड-फ्री बोर्ड, आणि काच कव्हरला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट. फ्रेमवाल्यासमोर उभं राहून सांगा की फेव्हिकॉल नको, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. मी एकदा नुसतं फोनवर सांगितलं आणि माझं एक सुटं मिळालेलं कव्हर पुठ्ठ्याला कायमचं चिकटून परत आलं, अजून वाईट वाटतं.

ऊन येणारी भिंत टाळा, लाल-पिवळा आधी उडतो आणि चेहरे निळसर दिसायला लागतात. बाहेरची भिंतही नको, तिला पावसात ओल येते. जूनच्या आधी ओरिजिनल उतरवून कोरड्या कपाटात आडवे ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा उघडून कसर लागली नाही ना ते बघा.