रोजच्या स्वयंपाकासाठी सुरी निवडताना

गाजराच्या चकत्या करताना शेवटी 'कट्' असा आवाज येऊन चकती उडत असेल, तर ती सुरी गाजर कापत नाही, फोडते आहे. धार चांगली असूनही असे होते, कारण धारेच्या लगेच वर पाते जाड असते आणि ते पाचरीसारखे आत शिरते. सुरी घेताना सगळ्यात आधी हीच जाडी बघायला हवी. बहुतेकांचे लक्ष मात्र पात्यावरची नक्षी, मुठीचा रंग आणि वजन यांकडे जाते.

पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची कड, मुठीजवळ २ ते २.५ मिमी असली तरी चालते. तिथून टोकाकडे आणि खाली धारेकडे पाते सलग निमुळते होत गेले पाहिजे. धारेच्या जेमतेम १ मिमी वर जाडी अर्ध्या मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी असावी. दुकानात हे मोजता येत नाही, पण बघता येते. टोक पुढे करून सुरी डोळ्यांच्या रेषेत धरा आणि मुठीच्या बाजूने पात्याच्या टाचेकडे, म्हणजे मुठीलगतच्या कोपऱ्याकडे, नजर टाका. तिथे अरुंद, उंच त्रिकोण दिसला तर पाते नीट घासलेले आहे. बाजू शेवटपर्यंत समांतर राहून अगदी तळाशी एकदम वळत असतील, तर ती सुरी कांदा कशीबशी चिरेल आणि रताळ्यात अडकून बसेल.

पात्याची लांबी २० सेमी (८ इंच) घ्या. घरी एकच मोठी सुरी ठेवायची तर बहुतेकांना हेच माप सोयीचे पडते: कोबीचा गड्डा एका दमात दुभागतो आणि लसूणही बारीक चिरता येतो. हात लहान असेल किंवा चिरायचा पाट आखूड असेल, तर १५ ते १७ सेमी पुरते. पाट पात्यापेक्षा निदान एक वीत लांब हवा, नाहीतर टोक सारखे बाहेर येते. टाचेजवळ पात्याची उंची ४५ मिमीच्या आसपास असावी. त्याहून कमी असली की बोटांची पेरे पाटावर आपटतात.

धारेचा आकार ठरवताना आपला हात कसा चालतो ते बघा. टोक पाटावर टेकवून सुरी झुलवत चिरायची सवय असेल, तर टोकाकडे गोलाई असलेले पाते घ्या. दर वेळी पूर्ण सुरी उचलून खाली आणत असाल, तर जवळजवळ सरळ धारेचे, सांतोकू (जपानी) घडणीचे पाते जास्त सोपे जाते. सरळ पाते झुलवू पाहिले की भाजीचे काप तळाशी जोडलेले राहतात.

हातात घेताना सुरी नुसती मुठीने धरून बघू नका. अंगठा आणि दुमडलेली तर्जनी यांच्या चिमटीत मुठीच्या लगेच पुढे पाते धरा आणि उरलेली तीन बोटे मुठीभोवती येऊ द्या. अशा पकडीत पाते हातात फिरत नाही. सुरीचा तोलही चिमटीच्या आसपासच सापडायला हवा. २० सेमीची सुरी साधारण १५० ते २५० ग्रॅम भरते, आणि जड म्हणजे चांगली असे मुळीच नाही. पाठीच्या कडा तर्जनीला टोचत असतील, तर रोज वापरून तिथे घट्टा पडेल. ४०० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा; जितका मोठा तितका बारीक) पॉलिश पेपरने त्या कडा काही मिनिटांत गोलसर करता येतात, म्हणून एवढ्यासाठी चांगली सुरी सोडू नका.

मुठीचे लाकूड आणि पोलाद जिथे जुळतात, तिथून नख फिरवा. नख अडकले तर तिथे पाणी आणि अन्नाचे कण शिरणार, लाकूड फुगणार, मूठ पात्याला जखडणारे रिव्हेट सैल होणार. काही सुऱ्यांत मुठीजवळचा जाड पोलादी भाग, बोल्स्टर, थेट धारेपर्यंत उतरलेला असतो. तशी सुरी टाळा. धार लावताना तो भाग दगडावर घासला जात नाही. काही वर्षांत बाकीचे पाते झिजते आणि तो मात्र तसाच राहतो. मग टाचेजवळची धार पाटाला टेकत नाही आणि कांद्याचे काप माळेसारखे एकमेकांना लटकून येतात.

आता पोलाद. 'स्टेनलेस' या शब्दाचा अर्थ एवढाच की त्यात किमान १०.५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आहे. धार किती टिकेल हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी रॉकवेल कडकपणाचा आकडा विचारा; तो जितका मोठा तितके पोलाद कडक. ५५ ते ५८ असेल तर धार लवकर उतरते, पण सहसा तुटत नाही. चुकून हाडावर लागली तरी बहुतेक वेळा वळते आणि पुन्हा सरळ करता येते. अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियमचे, १.४११६ क्रमांकाचे पोलाद याच गटातले. ६० च्या पुढे धार जास्त काळ टिकते, पण गोठलेल्या अन्नावर, हाडावर किंवा नुसती पिळली तरी कपचा उडतो. घरात सुरी अनेकांच्या हातात जात असेल तर ५६ ते ५८ घ्या, हे आमचे स्पष्ट मत आहे. कार्बन पोलाद सुरेख धार घेते. मात्र लिंबू चिरून सुरी तशीच ठेवली तर डाग पडतात आणि गंजही येतो. लगेच पुसायची सवय असेल तरच ते घ्या. सिरॅमिकचे पाते पडले की तुटते आणि त्याला डायमंडच्या दगडाशिवाय धार लागत नाही.

पात्यावरच्या लाटांच्या नक्षीने कापण्यात फरक पडत नाही. नक्षी बाहेरच्या थरांवर असते, कापायचे काम धार असलेल्या आतल्या थराचे असते.

पैसे उरवून धार लावायचा १००० ग्रिटचा दगड घ्याच, कारण कितीही चांगली सुरी बोथट होतेच. ४५ मिमी उंचीच्या पात्याची पाठ दगडापासून १२ मिमी वर धरली की कोन १५ अंशांच्या जवळ येतो, १५ मिमी वर धरली की २० अंशांच्या. मऊ पोलादाला २० ठेवा, कडक पोलादाला १५. एक बाजू इतकी घासा की दुसऱ्या बाजूला टाचेपासून टोकापर्यंत बारीक खरखर बोटाला जाणवेल. बोट पाठीकडून धारेच्या बाहेर न्यायचे, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. मग दुसरी बाजू तशीच घासा. शेवटी दाब कमी करत दोन्ही बाजूंना एकेक हात आलटून पालटून मारा आणि ती खरखर काढून टाका. ती राहिली तर सुरी पहिल्या दिवशी झकास चालते आणि दोन दिवसांत बोथट वाटते. पुष्कळांना दोष पोलादाचा वाटतो, पण वळून पडलेली असते ती ही उरलेली खरखरीत कड.

धार बघायला टोमॅटो पुरतो. पाते सालीवर ठेवा, दाब न देता मागे ओढा. साल लगेच उघडली पाहिजे. मग कागदाच्या कडेवरून पूर्ण पाते फिरवा. दर वेळी एकाच जागी अडकत असेल तर तिथे खाच आहे.

काच, दगड किंवा स्टीलवर चिरू नका. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पाट वापरा. चिरलेले गोळा करताना सुरी उलटी करून पाठीने सरकवा. डिशवॉशरमध्ये टाकू नका, आणि खणात सुटी ठेवायची असेल तर पात्याला म्यान घाला.