फादर अननोन म्हणजे बाप माहीत नव्हता असं नाही: बिननावाचा पणजोबा शोधताना या चुका टाळा

आमच्या आजोबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या जन्मनोंदीत बापाच्या जागी पोर्तुगीजमध्ये तीन-चार शब्द आहेत, फिलियु नातुराल, पाय इंकॉग्नितु, म्हणजे बिनलग्नाचं मूल, बाप अज्ञात. जन्म सप्टेंबर १९२४, गोव्यातला फोंडा तालुका. या चार शब्दांमागे मी जवळजवळ चार वर्षं फिरतोय आणि त्यातली दोन तरी निव्वळ चुकांमध्ये गेली, म्हणून हे लिहून ठेवतो, कोणाचा तरी वेळ वाचेल.

पहिली चूक सगळेच करतात. इंकॉग्नितु म्हणजे अज्ञात, म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं असं धरून चालणं. अहो गावात काय माहीत नसतं? नोंदीत बापाचं नाव यायचं ते त्याने स्वतः कबूल केलं तरच, आई येऊन सांगते म्हणून कारकून किंवा पाद्री लिहून टाकेल असं नव्हतं. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड गोव्यात १८७० पासून लागू झाला, त्या मूळ कोडात तर बाप लग्न झालेला असला तर बाहेरच्या बाईपासून झालेलं पोर तो कायद्याने आपलं म्हणून घेऊच शकत नव्हता, मनात असलं तरी. म्हणजे कोरी जागा बघून 'त्याने टाकलं' असा निकाल लगेच देऊ नका. आणि पाय इंकॉग्नितु आणि पाइश इंकॉग्नितुश यात गल्लत करू नका, दुसऱ्यात आई-बाप दोघंही नाहीत, ते सोडून दिलेलं मूल. तसंच एक्स्पोश्तु हे आडनाव नव्हे, त्याचाही अर्थ तोच. मी एकाला ते आडनाव समजून वंशवृक्षात भरताना बघितलंय!

दुसरी चूक माझी, आणि सगळ्यात महागडी. मी जन्माचा साधा छोटा दाखला काढला आणि त्यावरच बसून राहिलो. गोव्यात सिव्हिल नोंदणी १९१४ पासून आहे, हिंदू ख्रिश्चन सगळ्यांची, आणि तिचा पूर्ण उतारा म्हणजे तेओर. पोर्तुगीज पासपोर्टच्या मागे असलेल्यांना हा शब्द पाठ असतो, आपल्याला नसतो. छोट्या दाखल्यात नाव, तारीख, आई-बाप एवढंच येतं. तेओरमध्ये जन्म कळवायला कोण आलं होतं, साक्षीदार कोण, त्यांचा धंदा काय, कुठे राहायचे हे सगळं येतं, शिवाय समासात मागाहून केलेल्या नोंदी. बापाने दहा-पंधरा वर्षांनी नोतारकडे, म्हणजे नोटरीकडे, जाऊन मूल कबूल केलं असेल, ज्याला पेर्फिल्यासांव म्हणतात, तर त्याचा उल्लेख त्या समासातच सापडतो. बार्देशच्या एका मित्राचं कोडं असंच सुटलं, त्याच्याकडे पानाची झेरॉक्स होती पण काढणाऱ्याने डावी कड कापलेली, मूळ वही उघडली तर कडेला बारीक अक्षरात बाप उभा.

आमच्या समासात तसलं काही नव्हतं. पण जन्म कळवायला आलेला माणूस गावच्या एका भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, कारकून निघाला. मी उडालोच, कारकूनच बाप असं ठरवून मोकळा झालो. ही तिसरी चूक. कळवणारा तो बाप नव्हे, बाप्तिस्म्याच्या वहीतला पाद्रीन म्हणजे धर्मपिता तोही बाप नव्हे, तो फक्त त्या घराच्या जवळचा माणूस. त्याच्यामागून जायचं, त्याच्यावर थांबायचं नाही.

चौथी, नंतरच्या कागदावर अचानक बाप उगवतो त्यावर विश्वास ठेवणं. आजोबांच्या मराठी शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं, तेच १९६१ नंतर रेशनकार्डावर गेलं, तेच आईच्या लग्नपत्रिकेत छापलं. तीन ठिकाणी आलं म्हणजे खरं असणार ना? मी त्या नावाचा माणूस तीन महिने शोधला आणि तो सापडला पणजीच्याच, म्हणजे आजोबांच्या आईच्याच, माहेरी, तिचा थोरला भाऊ. शाळेत नाव घालायला आजोबांना हा त्यांचा मामाच घेऊन गेला आणि मास्तरांनी बापाच्या रकान्यात त्याचंच लिहिलं. बाकीचे दोन कागद त्याची नक्कल, तीन पुरावे नव्हेत, एकच चूक तीन वेळा.

आता आमच्या घराची लाडकी गोष्ट. आजोबांचे डोळे घारे, म्हणून पणजोबा पाखला, पोर्तुगीज सोल्जर. गोव्यात अर्ध्या घरांत हा सोल्जर असतो, उरलेल्या अर्ध्यात राणे सरदार. अरे पण घारे डोळे आपल्या कोंकणपट्टीत किती आहेत बघा ना, त्याला लिस्बनहून कोणी यायची गरज नाही. पणजोबा युरोपियन असता तर माझ्यात साधारण साडेबारा टक्के आणि माझ्या मामात पंचवीस टक्क्यांच्या आसपास दिसायला हवं होतं, दोघांच्याही डीएनए टेस्टमध्ये तिकडचं काहीच नाही. मामाला वाईट वाटलं थोडं.

डीएनएवरून आठवलं, मी आधी स्वतःची वाय टेस्ट केली होती. मूर्खपणा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, माझा वाय माझ्या वडिलांकडचा, आणि मी शोधतोय आईकडचा माणूस! टेस्ट मामाची करायला हवी होती, ती नंतर केली. दुसरं म्हणजे मॅच, म्हणजे ज्याचा डीएनए आपल्याशी काही प्रमाणात जुळतो असा माणूस, आली की आकडा बघून नातं पक्कं करू नका. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीत आणि चार गावांतच लग्नं, सारस्वत घ्या नाहीतर गोव्यातल्या साष्टीतले बामण-चाड्डी या ख्रिश्चनांतल्या जाती घ्या, त्यामुळे दूरचा माणूसही आकड्यात जवळचा दिसतो. मी काय केलं, पणजीच्या त्याच भावाची मुलगी अजून आहे, नव्वदीची, आईची आत्या लागते, तिची टेस्ट केली. मामाच्या ज्या मॅच तिलाही लागतात त्या पणजीकडच्या म्हणून बाजूला, ज्या लागत नाहीत त्यांच्याकडे बघायचं.

आणि या आत्येशी बोलताना सहावी की सातवी चूक केली. जेवणाच्या पंक्तीत सगळ्यांसमोर विचारलं, आत्ये, आजोबांचा बाप कोण गे? ताट ढकलून उठली. परत सहा महिन्यांनी गेलो, ती माडीवर सुपारी कातरत बसलेली, बापाचा विषयच काढला नाही, नुसतं विचारलं तुमच्या घरी चवथीची माटोळी, गणपतीवर टांगतात ती फळांची आरास, कशी असायची. सुरू झाली. आंबाडे, कांगलां, नारळाची पेण, आणि सुपारीचे घोस. सुपारी कुठली, तुमचं कुळागर नव्हतं ना? अडकित्ता थांबला. म्हणाली, "वरच्या घराकडून यायची. दर वर्षी. तुझा आजोबा मोठा होईस्तोवर." एवढंच. वरचं घर म्हणजे तोच भाटकार, ज्याचा कारकून जन्म कळवायला गेला होता.

हे कळल्यावर मग नोतारच्या वह्यांना अर्थ आला. बापाचं नाव जन्माच्या वहीत नसेल तर पैसा आणि जमीन कुठून कुठे गेली ते बघायचं, मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, इन्व्हेंटरी केसचे, म्हणजे वारसांच्या वाटणीचे, कागद. बिनलग्नाच्या बाईच्या नावावर कोणी कुळागराचा तुकडा का करतो? आमच्यात १९३१ चा एक कागद आहे, पणजीला नाममात्र किमतीत सुपारीची बाग विकल्याचा, विकणारा वरच्या घरचा.

मध्येच एक सांगतो, तुमचं घर कलावंतांचं किंवा भाविणींचं, म्हणजे देवळाच्या सेवेतल्या बायकांचं, असेल तर हे सगळं वेगळ्या नजरेने बघा. तिथे घर आईकडून चालायचं, यजमान, म्हणजे बाईला सांभाळणारा पुरुष, कोण ते उघड असायचं, आणि आडनाव देवळाचं नाहीतर गावाचं. दीनानाथ मंगेशकरांचं मंगेशीवरूनच आहे. तिथे बापाची जागा कोरी दिसली म्हणून काहीतरी लपवलंय असं समजून भलते प्रश्न विचारत सुटू नका.

आता अडलंय ते सांगतो. वरच्या घरात तेव्हा दोन भाऊ. मामाचा वाय त्यांच्या घरच्या एकाशी जुळला, पण सख्ख्या भावांचा वाय एकच, त्यामुळे त्यातून निवड होत नाही. थोरल्याचा नातू कॅनडात, त्याच्याशी मामाचे ३३० सेंटिमॉर्गन, म्हणजे डीएनए किती जुळतो ते मोजायचं माप. थोरला पणजोबा असेल तर हे दोघे सावत्र चुलतभाऊ (आजोबा एक, आजी वेगळी), सरासरी साधारण ४५०. धाकटा असेल तर एक पिढी लांबचे, सरासरी २३० च्या आसपास. आमचा आकडा बरोब्बर मध्ये. त्या नातवाला पहिल्या मेसेजमध्ये मी 'तुमचे आजोबा' हा शब्दही काढला नाही, फक्त गाव सांगितलं आणि तुमच्याकडे जुने कागद आहेत का विचारलं, ते बरं झालं, तो अजून बोलतोय.

त्याने सांगितलं की धाकटा १९२३ साली मुंबईला कॉलेजात होता. मी खूश, सुटला म्हटलं प्रश्न. मग बोटांवर मोजलं, सप्टेंबरातला जन्म म्हणजे मागे डिसेंबर, आणि डिसेंबरात कॉलेजांना नाताळची सुट्टी, म्हणजे परत दोघेही घरात.