आठ तारा कोणत्या सुरांत लावायच्या?

परभणीत लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार, शिकवणारं मला कुणी सापडलं नाही. साधी गिटार चार वर्षं वाजवून झाली होती. मग सुताराकडून सागाच्या फळीची आठ तारांची लॅप स्टील करून घेतली. खुंट्या बसल्या त्याच रात्री प्रश्न पडला की या आठ तारा लावायच्या कशात? सहा तारांच्या गिटारला याचं ठरलेलं उत्तर असतं, इथं नसतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांचे माझ्यासारखे सात-आठ महिने वाया जाऊ नयेत, म्हणून लिहितोय.

आधी हे समजून घ्या. लॅप स्टीलवर बोटांनी तारा दाबत नाहीत, वरून पोलादी बार सरकवतात. बार सरळ असतो, त्यामुळे तो कुठंही नेला तरी तारांमधलं सुरांचं अंतर तेच राहतं. गिटारवर बोटं बदलून मेजर कॉर्डचा (सा ग प एकत्र) मायनर (सा, कोमल ग, प) करता येतो. इथं तारा लावतानाच जो सूर सोडला, तो त्या रेघेवर (फ्रेटच्या खुणेवर) मिळणारच नाही. म्हणून ट्यूनिंग निवडताना मनाला विचारा: मी काय वाजवणार आणि कुणासोबत?

सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं ट्यूनिंग म्हणजे सी सिक्स्थ. इंग्रजी अक्षरांत ते मला परकं वाटायचं. सरगमीत लिहून पाहिलं आणि चटकन उलगडलं: सा ग प ध. हा तर भूप आहे, फक्त रिषभ तेवढा नाही! सा ग प छेडलं की मेजर, ध सा ग छेडलं की मायनर. धैवताला सा मानलं तर त्याच तारा सा, कोमल ग, प, कोमल नी होतात, म्हणजे धानी रागाचा रंग. भूपाची धैवतावरून मूर्च्छना केली, म्हणजे धैवताला सा धरून तेच सूर वाजवले, की धानी होतो, हे ज्यांनी पेटीवर केलंय त्यांना या ट्यूनिंगची भीती वाटायचं कारण नाही. बार पाचव्या रेघेवर नेला की मध्यमाचा कॉर्ड, सातव्यावर पंचमाचा. भावगीतं, सिनेमाची गाणी, ऑर्केस्ट्रा यासाठी मी डोळे झाकून हेच सुचवेन.

राग वाजवायचा असेल तर मात्र विचार वेगळा. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांकडे शिकले आणि त्यांनी हवाईयन गिटारवर राग वाजवले. तिथं कॉर्डचं काम नसतं. एका तारेवर लांब मींड आणि बाजूला सा-प चा भरणा लागतो. अशांनी सा प सा ग प सा, म्हणजे ओपन डी, यापासून सुरुवात करावी. ई थर्टीन्थ वगैरे इतर ट्यूनिंग सध्या बाजूला ठेवा.

आता माझी चूक. सुताराला मी घरच्या गिटारचं माप दिलं: नटापासून घोडीपर्यंत, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २५.५ इंच. लॅप स्टीलचं नेहमीचं माप २२.५ इंच असतं, हे ठाऊकच नव्हतं. तार लांब असली की त्याच सुराला ताण जास्त लागतो. सी सिक्स्थमध्ये वरची तार ‘जी’ (G) या सुरात जाते, म्हणजे गिटारच्या पहिल्या तारेपेक्षा तीन अर्धस्वर वर. अर्धा स्वर चढवला की ताण साधारण १२ टक्के वाढतो, तीन चढवले की ४१. माझी पहिली तार दर आठवड्याला तुटायची. शेवटी सगळंच तीन अर्धस्वर खाली आणलं: सा पेटीच्या पांढरी सहा पट्टीवर (ए), म्हणजे ए सिक्स्थ. बारीक तारेपासून जाड तारेकडे सूर असे: प ग सा ध प ग सा ध. यात एक फायदा निघाला. आमच्याकडे सुट्या तारा सहज मिळत नाहीत, पण या ट्यूनिंगला गिटारचा साधा १० नंबरचा सेट पुरतो (नंबर म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). १०, १३, १७, मग एक सुटी २०, पुढे २६, दुसरी सुटी ३२, आणि ३६, ४६. दोनच सुट्या तारा मागवाव्या लागतात.

गंधाराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथं मी खरंच अडकलो होतो. एकटा बसून कानानं तारा लावल्या की गंधार शुद्ध, गोड लागतो. ट्यूनर तो १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) उतरलेला दाखवतो, धैवत १६. मी त्या गोडीतच गुंग होतो. मग गल्लीतल्या भजनाला वाजवायला बसलो. पेटीवर अण्णा होते. दुसऱ्याच अभंगाला थांबून म्हणाले, "लेकरा, तुझा गंधार उतरायलाय."

"अण्णा, तंबोऱ्याला लावून आणलाय."

"तंबोऱ्याला बरोबर असल. पेटीला नाही जमायला."

अण्णांचं खरं होतं. पेटीचा गंधार ठरलेला असतो, तो खाली येत नाही. तेव्हापासून पेटीसोबत ट्यूनरनं आणि एकटा असताना कानानं लावतो. दोन्ही शिका, कान मात्र आधी.

पट्टीचंही तसंच. गायकाची पट्टी काळी एक निघाली तर बार सरकवून वाजवता येतं, पण मोकळ्या तारांचा भरणा गेला. अशा वेळी बारच्या मागे डाव्या हाताची बोटं तारांवर टेकवून ठेवा, नाहीतर पांढरी सहाचा सा मध्येच गुंजतो. सगळ्या तारा अर्धा स्वर इकडंतिकडं चालतं. दोन स्वर उतरवल्या तर बारखाली तार लोळते.

मे महिन्यात मांडवात वाजवायचं असेल तर घरी लावलेल्या तारांवर विसंबू नका. पारा ४२च्या वर गेला की तारा तापून सैल पडतात, सूर उतरतो. रात्री गार वारा सुटला की चढतो. वाद्य अर्धा तास आधी मांडवात नेऊन उघडं ठेवा, मगच खुंट्यांना हात लावा.

पहिलं वर्ष एकच ट्यूनिंग ठेवा. मी सात महिन्यांत पाच बदलली आणि कुठल्याच रेघेवर हात बसला नाही. ए सिक्स्थवर थांबलो तेव्हा कुठं बार न बघता पाचव्या-सातव्या रेघेवर जायला लागला. दीड वर्षानं एकच बदल केला: सगळ्यात खालचा धैवत पंचमावर उतरवला. आता खालच्या दोन तारा सा-प बोलतात, आणि भूप लावायच्या आधी मी नुसत्या त्याच छेडत बसतो.